‘ब्लू’ कोणाची वाट पाहत नव्हतं

बिल मॅक या टेक्सासच्या रेडिओ निवेदकाची गोष्ट अमेरिकन कंट्री संगीताच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं एकाच चालीवर सांगितली जाते. ती अशी: मॅकने पॅट्सी क्लाइन या गायिकेसाठी ‘ब्लू’ नावाचं गाणं लिहिलं. तिने ते गाण्याआधीच, ५ मार्च १९६३ रोजी, विमान कोसळून ती गेली. मॅकने मग गाणं पेटीत घातलं आणि तिच्या तोलाचा गळा मिळेपर्यंत तीस-बत्तीस वर्षं वाट पाहिली. अखेर लीॲन राइम्स नावाची तेरा वर्षांची पोर सापडली, १९९६ मध्ये ‘ब्लू’ बाजारात आलं, अमेरिकाभर गाजलं आणि रात्रपाळीच्या एका निवेदकाला सदुसष्टाव्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

गोष्ट गोड आहे. अकाली मृत्यू, निष्ठा, चिमुकली वारसदार आणि शेवटी बक्षीस, असा सगळा ऐवज तिच्यात आहे. शिवाय ती एका दमात सांगून होते. वर्तमानपत्राच्या रकान्याला यापेक्षा जास्त काय हवं?

नीट पाहिलं तर तिच्यात तीन विधानं आहेत. ‘ब्लू’ पॅट्सीसाठी लिहिलं गेलं, हे पहिलं. ती गेल्यावर ते पडून राहिलं, हे दुसरं. तिसरं कुणी उघड बोलत नाही, पण गोष्टीच्या बांधणीत ते मुरलेलं आहे: मॅक हा मुळात माइकपुढे बोलणारा माणूस, गीतकार म्हणून त्याच्या हाती एकच घबाड लागलं आणि तेही दैवाने. पहिली दोन विधानं साध्या सनावळीपुढे टिकत नाहीत. तिसऱ्यासाठी जरा जास्त खोल जावं लागेल, आणि माझा खरा वाद तिसऱ्याशीच आहे.

पूर्वपक्ष आधी चोख मांडू, कारण तो अगदीच निराधार नाही. राइम्सचं ‘ब्लू’ ऐकताना पॅट्सी आठवते, हे कुणीही कबूल करील. संथ झोकदार ठेका, पाठीमागे रडवेली स्टील गिटार, शब्दाच्या मध्यावर मुद्दाम फुटणारा आवाज, सगळा थाट साठच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. १९९६ मध्ये कंट्री संगीत पॉपच्या वळणावर गेलेलं असताना हे गाणं जुन्या कपाटातून काढल्यासारखं वाटलं. मॅक रेडिओवरचा, म्हणजे गायक-गायिकांच्या उठण्याबसण्यातला माणूस. तेव्हा पॅट्सीचा आणि या गाण्याचा काहीतरी संबंध असणार, असं कुणाला वाटलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. त्या वर्षीच्या प्रसिद्धीने हे वाटणं घरोघर पोचवलं आणि पुढे ते वाटणं न राहता माहिती होऊन बसलं.

आता सन पाहू. ‘ब्लू’ची पहिली तबकडी १९५८ ची आहे. गायक बिल मॅक, कंपनी स्टारडे. स्टारडे ही टेक्सासमध्ये उभी राहिलेली छोटी कंपनी. जॉर्ज जोन्सच्या सुरुवातीच्या तबकड्या तिनेच काढल्या. मॅक तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. टेक्सासच्या उत्तर टोकाकडच्या शॅमरॉक गावात जन्म, तरुणपणीच रेडिओत शिरकाव, आणि सोबत गाणं लिहिणं नि गाणंही चालूच. पन्नासच्या दशकात इंपिरियल आणि स्टारडे या दोन्ही कंपन्यांसाठी त्याने स्वतःच्या आवाजात तबकड्या केल्या होत्या. त्यातल्या काही तर चक्क धांगडधिंग्याच्या, रॉक अँड रोलच्या वाटेवरच्या आहेत. म्हणजे ‘ब्लू’ ही एका चालू गायक-गीतकाराची नेहमीची कामगिरी होती. दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेलं गाणं माणूस स्वतः गाऊन, छापून दुकानात पाठवत नाही.

बरं, १९५८ ची पॅट्सी कोण होती? तिच्या नावावर तोवर एकच मोठं यश होतं, १९५७ चं ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. ज्या पॅट्सीचा आवाज ऐकू आल्याचा भास आपल्याला ‘ब्लू’मध्ये होतो, ती ‘आय फॉल टू पीसेस’ची, ‘क्रेझी’ची, ‘शीज गॉट यू’ची पॅट्सी. यातली पहिली दोन गाणी १९६१ ची, तिसरं १९६२ चं. निर्माता ओवेन ब्रॅडलीने तिच्यासाठी जी रेशमी शैली घडवली आणि जी आज तिची ओळख आहे, ती ‘ब्लू’नंतर तीन वर्षांनी जगापुढे आली. आधी अंगरखा शिवला आणि मापाचा माणूस नंतर जन्मला, असं हे झालं.

याहून पक्की गोष्ट कराराची आहे. १९६० पर्यंत पॅट्सी फोर स्टार या कंपनीशी बांधलेली होती आणि त्या करारात एक जाचक अट होती: गाणी गायची ती फोर स्टारच्या मालकीचीच. तिचे चरित्रकार या अटीवर पानंच्या पानं खर्च करतात, कारण तिच्या उमेदीची वर्षं त्या अटीने खाल्ली. तिला हवी ती गाणी मिळेनात, मिळत ती सुमार. डेक्का कंपनीशी स्वतंत्र करार झाला तेव्हा कुठे ती मोकळी झाली. स्टारडेवर आलेलं एका परक्या गीतकाराचं गाणं १९५८ मध्ये ती गाणार होती, असं मानायचं तर हा करार विसरावा लागतो. रेडिओच्या धंद्यात मुरलेल्या मॅकला या व्यवहाराची गंधवार्ता नव्हती, असंही मग मानावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, पुढे साठच्या दशकात तरी हे गाणं तिला द्यावं असं मॅकच्या मनात आलं नसेल कशावरून? येऊ दे की! १९६१ नंतर ज्याच्याजवळ एक संथ, उदास गाणं होतं अशा प्रत्येक गीतकाराच्या मनात पॅट्सी येत होती. गाणं एखादीच्या कानावर घालावंसं वाटणं आणि ते तिच्यासाठी लिहिलेलं असणं यांत महदंतर आहे. दोन्ही एक धरले की बादरायण संबंध जुळायला वेळ लागत नाही. राइम्सच्या गळ्यात पॅट्सी ऐकू आली म्हणून गाण्याच्या जन्मातही पॅट्सी असलीच पाहिजे, हे अनुमान कार्यावरून कारण गाठू पाहतं आणि मधली अडतीस वर्षं गिळून टाकतं.

दुसरं विधान, गाणं पेटीत पडून राहिल्याचं. १९६६ मध्ये केनी रॉबर्ट्सने ‘ब्लू’ गायलं. रॉबर्ट्स हा योडेलसाठी प्रसिद्ध. योडेल म्हणजे गळा छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पोकळ आवाजात उडवण्याची आल्प्सकडून आलेली आणि कंट्रीत रुजलेली करामत. ‘ब्लू’ तिच्यासाठी जणू मोकळं मैदानच. त्याच दशकात रॉय ड्रस्कीने ते गायलं. ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. १९९३ मध्ये कॅथरिन पिट या ऑस्ट्रेलियन गायिकेने ते तिकडे, पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, गायलं. आणि खुद्द राइम्सचं पहिलं ‘ब्लू’ १९९६ चं नाहीच. १९९४ च्या ‘ऑल दॅट’ या तिच्या संग्रहात ते आहे. हा संग्रह न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत मुद्रित झाला, जिथे पूर्वी बडी हॉलीने आपली गाणी केली होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तो संग्रह फारसा कुठे पोचलाही नाही. इतक्या गळ्यांतून फिरलेल्या गाण्याला पेटीत ठेवलेलं गाणं कसं म्हणायचं?

मग ते १९५८ मध्येच का चाललं नाही? ‘योग्य गळा नव्हता’ हे उत्तर सुचायला सोपं आहे. खरं उत्तर रुक्ष आहे. १९५६ पासून एल्विस प्रेस्लीच्या लाटेने कंट्रीची पुरती दाणादाण उडाली होती. केंद्रामागून केंद्र तरुणांच्या संगीताकडे वळत होतं. कंट्रीच्या डिस्क जॉकींची एक संघटना १९५३ मध्ये निघाली होती; ती मोडकळीला आली आणि तिच्या जागी १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन उभी राहिली, ती या संगीताचं रेडिओवरचं स्थान वाचवण्याच्या काळजीपोटीच. तिच्याच मोजणीनुसार १९६१ मध्ये दिवसभर फक्त कंट्री वाजवणारी केंद्रं साऱ्या अमेरिकेत ८१ होती. १९६९ मध्ये ती सहाशेच्या वर गेली. या आकड्यांशेजारी एका छोट्या कंपनीची तबकडी ठेवून पाहावी. ‘ब्लू’ बाजार आटलेल्या वर्षी आलं, एवढाच याचा अर्थ.

इथे विरुद्ध बाजूला एक गोष्ट मी मोकळेपणाने देऊन टाकतो. त्याच सुमारास जॉर्जियातल्या कॉमर्स या गावच्या केंद्रावर बिल अँडरसन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा निवेदक होता. त्याने १९५७ मध्ये ‘सिटी लाइट्स’ लिहिलं, १९५८ मध्ये ते रे प्राइसने गायलं आणि पहिल्या क्रमांकावर नेलं. धंदा तोच, वर्ष तेच, बाजारही तोच पडता, तरी गाणं चाललं. फरक काय? प्राइस कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीचा मान्यवर गायक होता. म्हणजे गायकाचं नाव आणि कंपनीचं बळ यांना किंमत आहे, हे निःसंशय. पण ही किंमत बाजाराची आहे. ‘ब्लू’ला १९५८ मध्ये एक रे प्राइस मिळाला असता तरी पुरलं असतं. ठरलेली, ललाटी लिहिलेली अशी कुणी एक गायिका लागत नव्हती.

आणि आता गोष्ट सांगणाऱ्यांना सगळ्यात अडचणीचं गाणं: ‘ड्रिंकिंग शँपेन’. हेही मॅकचंच. १९६८ मध्ये ते कॅल स्मिथने गायलं. पुढे इतरांनीही. १९९० मध्ये जॉर्ज स्ट्रेटने ते घेतलं, जो त्या घडीला कंट्रीतला बहुधा सर्वांत भरवशाचा गायक होता, आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९९० म्हणजे राइम्सच्या ‘ब्लू’च्या सहा वर्षं आधी. सर्वस्व एका गाण्यावर लावून तीन दशकं वाट पाहणाऱ्या त्या भाबड्या निवेदकाच्या चित्रात हे गाणं बसवताच येत नाही, म्हणून ते गाळलं जातं. एकाच लॉटरीचं तिकीट असलेल्या माणसाला आधीच एक बक्षीस लागून गेलेलं होतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर दोन्हींत सरस गाणं तेच आहे. पार्टीत रमल्याचं सोंग आणि आत एकाच व्यक्तीचा सल, हा मामला त्यात इतक्या थोडक्या शब्दांत उभा राहतो की ‘ब्लू’ त्यापुढे नुसती एक सुंदर कळ वाटते.

तिसऱ्या विधानाकडे वळू: निवेदक मुख्य, गीतकार योगायोगाने.

मॅक पुढे जिथे रुजू झाला ते फोर्टवर्थचं डब्ल्यूबीएपी हे रेडिओ केंद्र कंट्रीच्या इतिहासात फार जुनं. ४ जानेवारी १९२३ रोजी तिथून कॅप्टन बॉनर नावाच्या वृद्ध फिडलवादकाचा नाचगाण्यांचा कार्यक्रम झाला. ज्या नॅशव्हिलला आपण या संगीताची काशी मानतो, तिथला ग्रँड ओल ऑप्रीचा मूळ कार्यक्रम त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी सुरू झाला. याच फोर्टवर्थच्या रेडिओवर तीसच्या दशकात ली ओडॅनियल नावाचा पिठाच्या गिरणीचा विक्रेता पीठ विकता विकता गाणी लिहू लागला, वाद्यवृंद बाळगू लागला आणि त्या लोकप्रियतेवर १९३८ मध्ये थेट टेक्सासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. १९४१ मध्ये त्याने सिनेटच्या निवडणुकीत लिंडन जॉन्सनलाही पाडलं. गाणं लिहिणं आणि रेडिओवर बोलणं हे तिथे दोन वेगळे व्यवसाय कधी नव्हतेच.

मॅक या केंद्रावर १९६९ मध्ये आला. मध्यरात्र ते पहाट हा त्याचा वेळ, आणि श्रोते लांब पल्ल्याचे ट्रकचालक. हा वेळ कुणी उरलासुरला म्हणून दिला असेल असं वाटतं खरं, पण मध्यम लहरींचं गणित वेगळं आहे. दिवसा या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांपैकी सर्वांत खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून शेकडो मैल दूर जाऊन उतरतात. डब्ल्यूबीएपीची ताकद पन्नास हजार वॅट. पूर्वी ही ८२० किलोहर्ट्झची जागा त्याला डब्ल्यूएफएए या शेजारच्या केंद्राशी आळीपाळीने वाटून घ्यावी लागे. १९७० मध्ये ती पूर्णपणे त्याच्याकडे आली. परिणामी ज्या घटकेला शहरं झोपत त्याच घटकेला फोर्टवर्थचा हा आवाज अर्ध्याहून जास्त अमेरिकेत खणखणीत ऐकू येई. आंतरराज्य महामार्गांचं जाळं तेव्हा विणलं जात होतं. मॅक ट्रकचालकांना हवामान सांगे, कुठे बर्फ आहे ते सांगे, निरोप पोचवी आणि गाणी लावी. ‘मिडनाइट काउबॉय’ हे त्याचं टोपणनाव ट्रकवाल्यांच्या तोंडी बसलं.

रात्रपाळीच्या निवेदकाचा श्रोता केबिनमध्ये एकटा असतो. त्याच्याशी सभेत बोलल्यासारखं बोलून चालत नाही. शब्द थोडे, आवाज खालचा, आणि तो मधेच कुठूनही येऊन ऐकू लागतो हे सतत ध्यानात. आता मॅकची दोन्ही गाणी ऐका. दोन्ही आपल्या नावानेच सुरू होतात. निवेदनाची गरजच उरत नाही. सुई टेकली की पहिल्याच श्वासात श्रोत्याला कळतं कोणतं गाणं ते, आणि उद्या दुकानात काय मागायचं तेही. ‘क्रेझी’चंही तसंच आहे, आणि ‘क्रेझी’ लिहिणारा विली नेल्सन हाही फोर्टवर्थमध्ये आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये रेडिओवर डिस्क जॉकी होता. पॅट्सीला तिचं सर्वांत मोठं गाणं एका माजी निवेदकानेच दिलं! तिच्या नावाने मॅकची गोष्ट सांगणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. ‘ब्लू’ गाणारा रॉय ड्रस्की निवेदकीतून आला होता. बिल अँडरसनचं वर आलंच. टॉम टी. हॉल केंटकीतल्या मोरहेडच्या केंद्रावर होता, जिम रीव्ज श्रीव्हपोर्टच्या. इतकी माणसं एकाच दारातून आलेली दिसल्यावर त्याला योगायोग म्हणणं म्हणजे काकतालीय न्यायाची कमालच.

का यावीत? कारण हजारो तबकड्या स्वतःच्या हाताने लावणारा माणूस गाण्याची मोडतोड शिकतो. कुठे श्रोता कंटाळतो, कुठे फोन वाजू लागतात, कोणत्या कडव्यानंतर गाणं संपायला हवं होतं, हे त्याला रोज कळतं. संगीतशाळेत हे शिकवत नाहीत. मॅक ज्या काळात ‘ब्लू’ लिहीत होता तेव्हा त्याच्यामागे हे शिक्षण होतं. गीतकारी त्याच्या निवेदकीतूनच उगवली होती.

इथे एक बोचरा आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. निवेदकच गीतकार असला तर तो आपलीच गाणी वाजवणार नाही का? अमेरिकेत हा प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. १९५५ मध्ये चक बेरीच्या ‘मेबलिन’ या गाण्यावर ॲलन फ्रीड या डिस्क जॉकीचं नाव सहगीतकार म्हणून लागलं. त्याने गाणं लिहिलं नव्हतं, वाजवलं होतं. पुढे ते नाव काढलं गेलं. १९५९ आणि १९६० मध्ये संसदेच्या समितीपुढे ‘पेओला’ म्हणजे पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणाची उघडउघड सुनावणी झाली आणि कायदा कडक झाला. तेव्हा गाण्यावर निवेदकाचं नाव दिसलं की भुवई उंचावणं रास्तच आहे.

पण मॅकच्या बाबतीत हा आक्षेप उलटतो. ‘ब्लू’वर त्याचं एकट्याचं नाव आहे, दुसऱ्याच्या गाण्यात त्याने आपला हिस्सा घुसवलेला नाही. आणि निवेदकपणाचा दबदबा गाणं गाजवायला पुरेसा असता, तर पन्नास हजार वॅट हाताशी असलेल्या माणसाचं गाणं गाजायला १९९६ उजाडलं नसतं. १९९६ मध्येही रेडिओने ‘ब्लू’ डोक्यावर घेतलं असं नाही. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते दहाव्या क्रमांकावर थांबलं. त्याच वर्षी राइम्सचं ‘वन वे तिकीट’ पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ते आज किती जणांना आठवतं? ‘ब्लू’ उचललं ते दुकानात गेलेल्या लोकांनी. त्याच नावाच्या संग्रहाला अमेरिकेत साठ लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

पैशाच्या बाजूनेही निवेदक आणि गीतकार हे नातं समजून घ्यायला हवं. अमेरिकेत साध्या जमिनीवरच्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार आणि प्रकाशक यांना रॉयल्टी मिळते. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला एक पैसाही नाही. हा विचित्र नियम आजही लागू आहे. ‘ब्लू’ केंद्रावर वाजलं की त्याची चिल्लर मॅकच्या खिशात जाई, राइम्सच्या नाही. खेड्यापाड्यांतल्या गीतकारांना ही चिल्लर मिळू लागली तीही रेडिओमुळेच. पूर्वी गीतकारांची मातब्बर संघटना होती ॲस्कॅप, आणि तिचं लक्ष ब्रॉडवेवर नि हॉलिवूडवर. दर वाढवण्यावरून तिचं आणि प्रक्षेपकांचं बिनसलं, तेव्हा प्रक्षेपकांनी १९३९ मध्ये बीएमआय ही स्वतःची संस्था काढली. १९४१ मध्ये बहुतेक वर्षभर ॲस्कॅपची गाणी मोठ्या रेडिओ जाळ्यांवर बंद होती. त्या पोकळीत कंट्री आणि ब्लूज लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा दार उघडलं. म्हणजे मॅकच्या पिढीचा कंट्री गीतकार हा धंद्याच्या दृष्टीनेही रेडिओचंच अपत्य आहे. मॅक पुढे एक्सएम या उपग्रह रेडिओवर ट्रकवाल्यांसाठी बोलू लागला, आणि गंमत अशी की तिथे कायदा निराळा; तिथे गायकालाही पैसे द्यावे लागतात.

प्रचलित गोष्टीमुळे नुकसान काय, असं कुणी विचारील. दोघांचं नुकसान आहे. पॅट्सीच्या बाबतीत ती एका करारात जखडलेल्या, झगडून मोकळ्या झालेल्या गायिकेला ‘हे गाणं गायचं राहून गेलेली बिचारी’ करून टाकते. राइम्सला ती उसना गळा ठरवते. अकराव्या वर्षी तिने गाण्यात स्वतःचं जे आणलं त्याला किंमतच उरत नाही. आणि मॅकला ती एका लांबलचक, घट्ट विणलेल्या कारकिर्दीतून उचलून एका रात्रीच्या चमत्कारात नेऊन बसवते. १९८२ मध्ये, म्हणजे ग्रॅमीच्या पंधरा वर्षं आधी, त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला कंट्री डिस्क जॉकींच्या मानकऱ्यांत घेतलं होतं. १९९७ चं ग्रॅमी सर्वोत्कृष्ट कंट्री गीताचं होतं. हा पुरस्कार गीतकाराला असतो, गायिकेला नव्हे. राइम्सला त्याच रात्री गायनाचं आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचं अशी दोन ग्रॅमी स्वतंत्रपणे मिळाली. पुरस्कार देणाऱ्यांनी दोन कामं वेगळी ओळखली होती. गोष्ट सांगणाऱ्यांनीच ती कालवली.

३१ जुलै २०२० रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, कोविडने मॅकचं निधन झालं. त्याच्यावर पुढे कुणी मराठीत वा इंग्रजीत लिहील त्याने कृपा करून १९६३ पासून सुरुवात करू नये. १९५८ ची स्टारडेची तबकडी आधी ऐकावी, मग जॉर्ज स्ट्रेटचं १९९० चं ‘ड्रिंकिंग शँपेन’, आणि राइम्स सगळ्यांत शेवटी.